मदत हवी आहे: ९ × १० च्या खोलीत आईच्या उशाशी कोणतं टेबल बसेल?

नमस्कार मंडळी,

आई गेल्या महिन्यापासून डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली आहे. वय ७४, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर धरून चालते. तिच्या उशाशी ठेवायला टेबल हवंय. पंधरा दिवस टेप घेऊन मोजतेय, तरी निर्णय होत नाहीये.

सध्या तिथे प्लास्टिकचं स्टूल आहे. त्यावर काचेचा पेला, चष्मा, गोळ्यांची डबी, मोबाइल आणि जपमाळ. परवा रात्री अडीच वाजता उठताना तिने आधाराला स्टुलावर हात टेकला आणि ते सरकलं. ती पलंगावरच परत बसली म्हणून पडली नाही, पण पेला फुटला. मी धावत गेले तर अंधारात, काचांच्या वर पाय अधांतरी धरून ती चष्मा चाचपत होती. "तुला उठवायचं नव्हतं गं," म्हणाली. तेव्हापासून जरा खुट्ट झालं तरी मला जाग येते.

मापं देते. खोली ९ फूट रुंद, १० फूट लांब. पलंग ५ फुटी, बॉक्सचा, एका बाजूने खिडकीच्या भिंतीला टेकवलेला. समोरच्या भिंतीला २२ इंच खोल कपाट. दोघांच्या मध्ये उरतात फक्त २६ इंच, आणि आई उतरते ती याच बाजूने. वॉकर २१ इंच रुंद आहे. खरी अडचण कपाटाच्या पहिल्या दाराची. ते १८ इंचाचं आहे आणि त्याच्या बिजागऱ्या उशाकडच्या भिंतीला लागून आहेत. पूर्ण उघडलं की पलंगापासून ८ इंचांवर येऊन थांबतं. दुकानात पाहिलेली टेबलं सगळी १५-१६ इंचांची. त्यातलं कुठलंही ठेवलं तर ते दार कायमचं बंद, आणि आईच्या साड्या त्याच कप्प्यात आहेत.

जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत उंची २१ इंच. उशाची भिंत बाहेरची आहे, पावसाळ्यात थोडी ओल येते.

चाकांची ट्रॉली घ्यावी का? की पलंग पुढे ओढून डोक्यामागे कट्टा करावा? ड्रॉवर मिळाला तर फार बरं, गोळ्या झाकलेल्या राहतील.

प्रतिसाद

चाकांचं काहीही आणू नका, ब्रेक असला तरी. हात टेकायची सवय त्यांची जाणार नाही.

प्रतिसाद

आमचा फर्निचरचा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे रुंदीला ८ इंच आहेत, म्हणजे ७ धरा. दाराला थोडी मोकळीक हवीच. पण लांबीला, म्हणजे उशापासून पायांकडे, १६ इंच आरामात मिळतील. आई पलंगाच्या मध्यावरून उतरत असतील तर वॉकर तिथेच उभा राहील, टेबलाच्या वाटेत येणार नाही. म्हणून ७ × १६ ची भिंतीला पक्की केलेली पेटी करा, पाय नकोत. खाली मोकळं राहिलं की पुसायलाही सोपं आणि पाऊलही अडकत नाही.

ड्रॉवरचा नाद सोडा. पाऊण इंची प्लायच्या दोन बाजू गेल्या की दीड इंच गेला, चॅनलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांना, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच लागतो, ड्रॉवरच्या स्वतःच्या बाजूंना आणखी इंचभर. हातात उरतात साडेतीन इंच. त्यापेक्षा उघडा कप्पा ठेवा, त्यात झाकणाचा डबा.

पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा-लगदा दाबून केलेल्या फळ्या, नकोत. ओलीच्या भिंतीला कडा फुगतात आणि एकदा फुगल्या की स्क्रू धरत नाहीत. आयएस ७१० शिक्का असलेला, म्हणजे ओलीत टिकणारा मरीन प्लाय घ्या, सगळ्या कडा बंद करून घ्या आणि भिंतीकडे पाव इंच फट ठेवा. स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या गिट्ट्या प्लास्टरच्या पलीकडे विटेत जायला हव्यात. प्लास्टर अर्धा-पाऊण इंचाचं असतं, त्यात अडकवलेली फळी वजनाने निघून येते. कोपरे गोल करून घ्यायला विसरू नका.

प्रतिसाद

ताई, तुमची पोस्ट वाचून सासूबाईंचे दिवस आठवले. दोन गोष्टी आवर्जून सांगते.

डोक्यामागचा कट्टा आम्ही केला होता, त्यांना कधीच वापरता आला नाही. झोपलेल्या माणसाला मागे हात नेऊन पेला उचलता येत नाही, आधी उठून वळावं लागतं. आणि टेबल वेगळं, आधार वेगळा असं धरून चला. टेबल कितीही पक्कं असलं तरी त्यावर वजन टाकायचं नाही. पलंगाला लावायची दांडी सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते, तिचा खालचा भाग गादीखाली जातो. दांडी आणि गादीमध्ये फट राहता कामा नये. कुठे लावायची ते फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून त्यांच्यासमोर ठरवा. काचेचा पेला आजच बंद करा, स्टीलची झाकणाची बाटली द्या.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सुताराला बोलवायच्या आधी खोक्याचा पुठ्ठा ७ × १६ कापला आणि स्टुलाच्या जागी पुस्तकांची चळत रचून त्यावर तीन रात्री ठेवला. पहिल्या रात्री चष्मा खाली पडला. दुसऱ्या रात्री मी जागीच होते, दारातून पाहिलं. आई आधी न पाहता तळहात पुठ्ठ्यावरून सरकवते, आणि हाताला लागेल ती वस्तू कडेकडे ढकलली जाते. म्हणून आता तिन्ही मोकळ्या कडांना अर्धा इंच उंच पट्टी घालायचं ठरवलंय. उंचीही गादीपेक्षा एक इंच वर ठेवतेय. सपाटीला होतं तेव्हा चादर वर येऊन गोळ्यांची डबी झाकली जायची.

दांडी काल आणली. फिजिओथेरपिस्टनी उशापासून २४ इंचांवर बसवायला सांगितली, म्हणजे टेबलाच्या पलीकडे. आई पहिल्यांदा ती धरून उठली तेव्हा माझ्याकडे न बघता थेट वॉकरकडे वळली.

सुतार गुरुवारी येतोय. एकच विचारायचं राहिलं. दिव्याचं बटण पलंगामागे आहे, तिचा हात पोचत नाही. पेटीच्या बाजूलाच बटण काढून घ्यावं, की हालचालीने लागणारा छोटा दिवा खाली बसवावा? ज्यांनी घरात वापरलाय त्यांनी सांगा, वॉकर पुढे सरकायच्या आत तो लागतो का?