मदत हवी आहे: ‘रामदास’ बोटीत गेलेल्या पणजीचं नाव शोधते आहे

नमस्कार मंडळी. माझे आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. आमचं घर अलिबाग तालुक्यात, अष्टागरात. दर सर्वपित्रीला आजोबा म्हाळ घालतात. वडिलांचं, आज्याचं नाव घेऊन पाणी सोडतात, पण आईच्या नावाशी आले की अडतात, कारण त्यांना ते ठाऊकच नाही. भटजींनी फार पूर्वी सांगून ठेवलंय, हाक मारायचात तेच म्हणा. म्हणून ते ‘बाय’ म्हणतात.

बाय १७ जुलै १९४७ ला गेली. गिरणीत असलेल्या नवऱ्याला भेटून, अवसेसाठी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली होती. ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. बाय सापडलीच नाही. आजोबा तेव्हा पाच वर्षांचे, घरी आजीजवळ होते. आमच्याकडे दिव्यांच्या अवसेला सगळे दिवे पाटावर मांडतात, पण कणकेचा एक दिवा पडवीत समुद्राकडे तोंड करून ठेवतात. तो बायचा.

वर्षभरात पणजोबांचं दुसरं लग्न झालं. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर सावत्र पणजीचं नाव आहे. (तिने आजोबांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, तिच्याबद्दल मनात काही नाही.) सातबारा आणि जुने फेरफार पाहिले. वारस नोंदीत बाय नाही, कारण ती नवऱ्याच्या आधी गेली. कोतवाल बुकात आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली. ती मोडीत होती, एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतली. त्यात बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ एवढंच. जिने जन्म दिला तिला त्या ओळीत जागाच नाही. मला तिथेच रडू आलं.

हाती एकच वस्तू आहे. माळ्यावर एक पितळी हंडा सापडला. त्याच्या गळ्याशी ठोकून काढलेली अक्षरं आहेत. वर्षानुवर्षं राख आणि नारळाच्या सोडणाने घासून ती झिजलीत. आत्याने तांदळाचं पीठ चोळून वरचं पुसून घेतलं तेव्हा एवढं दिसलं: ‘चि. सौ. कां. … ई हीस मामाकडून, मु. थळ’. आजोबांनी बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं. म्हणाले, हा बायचाच, ह्यातलं पाणी ती मला अंघोळीला घ्यायची.

तर, बोटीतल्या प्रवाशांची किंवा मृतांची यादी कुठे पाहायला मिळेल? नुकसानभरपाईचे अर्ज झाले असतील तर ते मुंबईच्या अभिलेखागारात असतील का? त्या आठवड्यातले वर्तमानपत्रांचे अंक चाळायचे आहेत. ‘लोकसत्ता’ १९४८ मध्ये सुरू झाला, म्हणून ‘नवाकाळ’ आणि ‘केसरी’ डोक्यात आहेत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात हे अंक बघू देतात का, कोणी गेलं असेल तर सांगा.

दुसरं, पणजोबांच्या अस्थी नाशिकला नेल्या होत्या. तीर्थोपाध्यायांच्या वहीत गाव-आडनावाप्रमाणे वंशावळ असते, बायकोचं नावही कधीकधी लिहिलेलं असतं असं ऐकलंय. अलिबागकडच्या गावांच्या वह्या कोणत्या घराण्याकडे आहेत?

आणि थळची मंडळी इथे असतील तर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं विचाराल का, की आपली कोणी भाची ‘रामदास’मध्ये गेली होती का? माहेरी तिला वेगळं नाव असेल. मला दोन्ही हवी आहेत. घरातलं कोणाचं नाव उघड लिहायचं नसेल तर व्यक्तिगत निरोप करा.

हंड्याचा फोटो खाली प्रतिसादात टाकते, एक दिवसाउजेडी आणि एक अंधारात बाजूने बॅटरी मारून काढलेला. ‘ई’च्या आधीचं अक्षर मला ‘र’ वाटतं, आत्याला ‘न’. तुम्हाला काय दिसतं?