निदान अपघाताची वेळ तरी लिहा
जखमींची माहिती रुग्णालयांनी एकत्र केली तर खासगीपणा जाईल, असं काही जण म्हणतात. काळजी रास्त आहे, पण नाव, पत्ता, मोबाइल नंबर वगळूनही नोंद कामाची राहते.

मी इंदूरचा. राऊजवळ धाकट्या भावाची बाइक घसरली, मांडीचं हाड मोडलं, रक्त खूप गेलं. पहिल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर 'ॲक्सिडेंट, रेफर' एवढंच. किती वाजता लागलं, कोणतं इंजेक्शन दिलं, काही नाही. पुढचे डॉक्टर आईला विचारत होते, आणि ती बिचारी त्याची रक्ताळलेली चप्पल हातात घेऊन उभी.

त्या वेळेचं मोल बघा. क्रॅश-२ या औषधाच्या मोठ्या चाचणीत ४० देशांतल्या २०,२११ जखमींची माहिती जमवली, त्यात भारतातलेही होते. २०१० साली निकाल आला: ट्रानेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या स्वस्त औषधानं मृत्यू कमी होतात. मग त्याच नोंदी पुन्हा तपासल्यावर दिसलं, की फायदा लागल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तरच. उशिरा दिलं तर उलट रक्तस्रावानं मरण्याचा धोका वाढतो. चिठ्ठीवर वेळच नसेल तर डॉक्टरांनी ठरवायचं कसं?

आणि घरी गेल्यावर रुग्ण चालायला लागला का, कामावर परतला का, हेही नोंदवा. माझ्या भावाबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.