श्रवणचाचणीच्या रिपोर्टमधलं 'नो रिस्पॉन्स' मराठीत कसं लिहायचं?

काठपदर
ओळखीच्या जोडप्याच्या तीन वर्षांच्या मुलाचा ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट त्याच्या आजीआजोबांसाठी मराठीत करून देतेय. दोन ठिकाणी अडलेय. 'नो रिस्पॉन्स'ला मी 'प्रतिसाद नाही' लिहिलं, तर मुलाची आई म्हणाली, "हे वाचून वाटतं की तो मुद्दाम लक्ष देत नाही." दुसरं, निदानापुढे एच ९०.३ असा कोड आणि 'प्रोफाउंड'. कोशात 'गहन' मिळालं. गहन बहिरेपण म्हणतं का कोणी?

देवराई
'ठार बहिरा' असताना गहन कशाला? आमच्या आजीच्या बोलण्यात पायऱ्याच होत्या: कान जड झालेत, मग बहिरट, मग ठार.

वरणफळ
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'ठार' इथे चुकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या प्रतवारीत ८१ डेसिबलपासून (ऐकू यायला आवाज किती मोठा लागतो, त्याचं माप) पुढे सगळं प्रोफाउंडच होतं. २०२१च्या प्रतवारीत ८० ते ९५ प्रोफाउंड, आणि त्यापुढे आणखी एक संपूर्ण बहिरेपणाची पायरी आहे. ठार म्हटलंत तर मूल त्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसेल. 'अतितीव्र' लिहा.

'नो रिस्पॉन्स' म्हणजे यंत्र जास्तीत जास्त जेवढा मोठा आवाज देऊ शकतं तेवढा देऊनही मुलानं ऐकल्याची खूण केली नाही. आलेखावर तिथे खाली जाणारा बाण असतो. तेव्हा 'यंत्राच्या कमाल आवाजालाही प्रतिसाद मिळाला नाही' असं पूर्ण वाक्य लिहा. आणि 'सीएनटी', 'डीएनटी' आलं असेल तर जपून. पहिलं म्हणजे चाचणी घेता आली नाही (मूल रडलं, झोपलं), दुसरं म्हणजे घेतलीच नाही. या तिन्हींना 'ऐकू आले नाही' लिहिलेली भाषांतरं मी पाहिलीत. रडणाऱ्या मुलाला कागदावर बहिरं ठरवणं आहे ते.

एच ९०.३ म्हणजे दोन्ही कान, दोष आतल्या कानात किंवा नसेत. एच ९०.० असता तर दोन्ही कान, पण आवाज आत पोचण्यातच अडथळा. कोड आहे तसाच ठेवा, त्याचं भाषांतर करू नका.

पाटीपेन्सिल
म्हणजे 'संवेदी-चेता बधिरता' ना? शासकीय परिभाषेत शब्द असताना 'नसेत दोष' लिहायचं तर मराठीत वैद्यकशास्त्र कधी यायचं?

देवराई
'बधिरता' वाचून माझ्या वडिलांना दाढ काढायच्या आधीचं इंजेक्शन आठवेल. मराठीत बधिर म्हणजे संवेदना गेलेलं. हिरडी बधिर होते, पाय बधिर होतो.

पाटीपेन्सिल
संस्कृतात बधिर म्हणजे बहिराच. आपला 'बहिरा' प्राकृतातल्या 'बहिर'मधून आला, तो त्याच बधिरचा.

देवराई
मूळ तेच, पण अर्थ सरकला. म्हणून तर पुढे 'कर्ण' जोडून 'कर्णबधिर' म्हणावं लागतं. नाहीतर ती द्विरुक्ती झाली असती.

पाटीपेन्सिल
मला वाटतं 'कर्णबधिर' हा 'मूकबधिर' टाळण्यासाठी आला.

सांजवात
माझा मुलगा कॉक्लियर इम्प्लांटनंतर (ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं यंत्र) भरपूर बोलतो. त्याला अजून लोक 'मूकबधिर' म्हणतात, त्याचा त्रास होतो. मला 'कर्णबधिर' हवा. 'श्रवणदोष' नको, दोष कुणाचा?

वरणफळ
पण 'श्रवणऱ्हास' म्हटलं तर आधी ऐकू येत होतं असं वाटतं, आणि जन्मतःच कमी ऐकणाऱ्याला ते लागू नाही. शिवाय २०१६च्या दिव्यांग कायद्यात दोन वेगळे गट आहेत: दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास असेल तर बहिरा, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. एक शब्द दोघांना वापरला तर प्रमाणपत्रावर गोंधळ होतो. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत, हेही आजीआजोबांना सांगा. ६० डेसिबल वाचून लोक 'चाळीस टक्के ऐकू येतं' असा हिशेब करतात.

काठपदर
धन्यवाद. पण निदानाच्या ओळीत 'नसेत' लिहू की 'चेता'?

पाटीपेन्सिल
चेता.

देवराई
नस. आजीला चेता कोण सांगणार?

सांजवात
नस म्हटलं की रक्ताची नस वाटते ना?