आयर्लंडातले बटाट्याचे रुंद वाफे खानापूर (बेळगाव) भागात चालतील का?

जांबोटी_रान
नमस्कार मंडळी. तांबडी जमीन, खरीप बटाटा. आषाढात सरीत पाणी तुंबलं की बेणं कुजतं. आयर्लंडात ओल्या रानात नांगर न घालता वाफ्यांवर बटाटा घ्यायचे म्हणतात. नेमकं कसं? इथं जमेल?

कुदळवाला
जमेल अण्णा, पण जशीच्या तशी रीत उचलू नका. तिकडे गवताळ रानात दोरी लावून साधारण चार फुटी पट्टा आणि दोन पट्ट्यांत दोनेक फूट चराची जागा आखत. पट्ट्यावरचं गवत खणायचं नाही. त्यावरच शेणखत, किनाऱ्याजवळ समुद्रशेवाळ, पसरून बेणं मांडायचं. मग 'लॉय' नावाच्या अरुंद पात्याच्या, एकाच बाजूला पाय द्यायच्या कुदळीनं चराच्या कडेची ढेकळं गवतासकट कापून दोन्ही अंगांनी बेण्यावर पालथी घालायची. कोंब दिसले की चर खोल करून तीच माती वर चढवायची. निचरा आणि भर एकाच कामात होते, मधलं गवत कुजून खत होतं.

आपल्याकडे घोटाळा हरळीचा. पालथी घातली तरी पेरापेरातून फुटून वाफ्याच्या कडेनं वर येते. हरळी, लव्हाळा असेल तर आधी रान खणून मुळ्या वेचा, मगच वाफे घाला. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, कच्च्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

येळ्ळूरचा_बांध
त्यात भर घालतो. तिकडे चर उताराच्या दिशेनं काढत. जांबोटीच्या पावसात तसं केलं तर माती नाल्यात जाईल. चर उताराला थोडे तिरपे काढा, शेवटी गवताची पट्टी सोडा. आणि तिकडे डोळ्यांवर बेणं कापून लावत, ते इथं नको. कापलेली फोड ओल्या मातीत आधी सडते. ४०-५० ग्रॅमचं अख्खं बेणंच घ्या.

मोरचूद
वाफा पाणी काढतो, करपा (पानं-वेल काळे पाडून सडवणारा रोग) थांबवत नाही. १८४५ मध्ये करपा आला तेव्हा आयर्लंडातलं पीक याच वाफ्यांवर होतं. पुढे तिथं करप्यावर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) चुन्यात कालवून फवारू लागले, चुन्याऐवजी धुण्याचा सोडा घालूनही फवारत.

ढगाळ, गार हवा लागली की डाग दिसायच्या आधीच एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारा: १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना ५० लिटरमध्ये विरवून गाळलेला. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, ढवळत राहा. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची नकोत. लोखंडी सुरीचं पातं बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. पानांच्या खालच्या बाजूलाही फवारा, पांढुरकी बुरशी तिथंच दिसते. वेलाला करपा लागला तर वेल कापून शेताबाहेर न्या आणि काढणीला दोन आठवडे थांबा. घाईनं काढलं तर जंतू बटाट्याला चिकटून साठवणीत सडवा होतो.

जांबोटी_रान
मोरचूद-चुना आदल्या रात्री कालवून ठेवला तर?

मोरचूद
नको. वेगवेगळी द्रावणं ठेवा, एकत्र केल्यावर त्याच दिवशी संपवा. शिळं झालं की तळाशी बसतं, पानाला धरत नाही.