गिअर ऑइल जातंय कुठं?

(सोसायटीचा ग्रुप)

बी-७ दादा: राम राम मंडळी. वडिलांची यामाहा आरएक्स १०० लई दिवस झाकून होती, आता रोज वसमत रोडला न्यायलोय. पांढरा धूर इतका मारायली की मागचे लोक शिव्या घालायलेत. मेकॅनिक म्हणला रिंग-पिस्टन गेलं, बोअर करावं लागंल, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठं. खरं असंल का?

ए-२ बापू: बोअर नंतर बघू. गिअर ऑइल कधी बघितलं?

बी-७ दादा: टूटीची (२टी तेलाची) टाकी फुल हाय बापू.

ए-२ बापू: टूटी वेगळं, गिअर ऑइल वेगळं. टूटी पेट्रोलसंगं जळतं, ते संपणारच. गिअर ऑइल खाली केसमधी बंद असतं, क्लच प्लेटा अन् गिअर त्यात भिजत राहतात. त्यानं कमी व्हायचं काहीच कारण नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी चाललंय.

सी-४ वहिनी: बापू, माझ्या ॲक्टिवाला पण असतं का हे?

ए-२ बापू: असतं की ताई. मागच्या चाकापाशी वेगळं, १२० मिलीच्या आसपास. शोरूमवाले इंजिन ऑइल बदलतात, ह्याचं विचारल्याशिवाय कोणी नाव काढत नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला विचारा.

डी-५: माझी स्प्लेंडर?

ए-२ बापू: तुझ्यात इंजिनला अन् गिअरला एकच तेल. गाडी सपाटीला डबल स्टँडवर लाव, थोडी चालू ठेव, बंद करून दोन-तीन मिनिटं थांब. तेल मोजायची काडी काढ, पूस, आटे न फिरवता नुसती टेकव अन् बघ. अन् घरात कारचं उरलंय म्हणून ते ओतू नको. डब्यावर ‘जासो एमए’ पाहिजे, ती बाइकच्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण, नाहीतर क्लच घसरायचा.

सेक्रेटरी: पार्किंगच्या फरशीवर काळे डाग पडले आहेत. ज्यांची गाडी गळते त्यांनी खाली पुठ्ठा ठेवावा. उद्याचा टँकर सकाळी सातला.

बी-७ दादा: काका, माझी नाही. माझ्या गाडीखाली एक थेंब नाही.

ए-२ बापू: दादा, हेच पाहिजे होतं मला. आता डाव्या बाजूचं पुढच्या स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचं कव्हर काढ. आतून चिकट काळा राडा असंल तर गिअर शाफ्टचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग गेली. कोरडं असंल तर गाडी गरम करून खालचा ड्रेन नट उघड, तेल स्वच्छ घमेल्यात घे अन् मोज. अंदाजे नको.

(रविवारी दुपारी)

बी-७ दादा: काढलं बापू. स्प्रॉकेटपाशी नुसती धूळ. तेल मात्र पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्मंच निघालं. पाण्यावाणी पातळ. अन् वास पेट्रोलचा यायलाय!

ए-२ बापू: सापडलं. क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडा, तो ज्या खोलीत फिरतो ती क्रँककेस. टू स्ट्रोकमधी पिस्टन वर जाताना क्रँककेस हवा ओढतो, खाली येताना दाबतो. सील फाटलं की ओढताना गिअर ऑइल आत जातं अन् जळतं, तो तुझा पांढरा धूर. दाबताना पेट्रोल उलटं गिअरमधी येतं, म्हणून तेल पातळ. बोअर केलं असतं तर पैसे गेले असते अन् धूर तसाच राहिला असता.

बी-१ मामा: पण पिस्टन पण घासलं असंल की. जुनी गाडी, कंपनीनं १९९६ लाच बनवायची बंद केलेली.

ए-२ बापू: असंल मामा, नाही म्हणत नाही. पण त्यानं गिअर ऑइल निम्मं होत नाही. जे तेल सांगायलंय ते आधी. पिस्टनसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायचं, ते सील बसल्यावर. दादा, तेलात काही चमकायलंय का?

बी-७ दादा: उन्हात धरलं तर बारीक चमक दिसायली.

ए-२ बापू: घमेल्याखालून चुंबक फिरव.

बी-७ दादा: थोडा काळा गाळ गोळा झाला. मऊ हाय, पिठावाणी. टोचणारं काही नाही.

ए-२ बापू: मग घाबरू नको. इतक्या जुन्या गिअरबॉक्सात तेवढी झीज चालते. तुकडा नाहीतर सळई निघाली असती तर खोलल्याशिवाय गाडी चालवू नको म्हणलो असतो. दुसरा गिअर ताणल्यावर उडतो का?

बी-७ दादा: नाही. पण न्यूट्रलला घर्रर्र आवाज येतो, क्लच दाबला की बंद.

ए-२ बापू: न्यूट्रलला क्लच सोडलेला असला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरत राहतो, दाबला की थांबतो. त्याचं बेअरिंग नाहीतर क्लच बास्केट (क्लच प्लेटा बसतात ती वाटी) ढिली असंल. क्लच कव्हर सीलसाठी उघडायचंच, तेव्हा मेकॅनिकला बेअरिंग अन् बास्केट हातानं हलवून बघायला लाव. अन् क्रँक धरून वर-खाली ढकलायला सांग. क्रँकच्या बेअरिंगला खेळ असला तर नवं सील पण महिन्यात फाटतं, मग क्रँक उतरवावाच लागतो.

सी-४ वहिनी: बापू, तुम्ही आयटीआयला शिकवायला पाहिजे होतं 😄

बी-७ दादा: ते मेकॅनिक ऐकंल का पण?

ए-२ बापू: भांडू नको. नुसतं म्हण, तेल निम्मं निघालं अन् पेट्रोलचा वास येतो. समजणारा असंल तर तोच सील म्हणंल. तरीबी बोअरच म्हणला तर गाडी दुसरीकडं ने. येताना कव्हरचं पॅकिंग नवं आण, जुनं परत बसवू देऊ नको. अन् काढलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजवाल्याला दे, नालीत ओतू नको.

सेक्रेटरी: धन्यवाद बापू. मग फरशीवरचे डाग नक्की कोणाच्या गाडीचे?

बी-१ मामा: बघतो खाली जाऊन.