मदत हवी आहे: खंडोबाची चंदाई तेलीण की बागवानीण?

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाचं जागरण झालं. कोटंबा (देवाच्या पूजेतलं पात्र) मांडला, तळी उचलली, दिमडीवर (छोट्या डफावर) वाघ्या, म्हणजे खंडोबाची गाणी म्हणणारा भक्त, रंगात आला. खंडोबाच्या पाच बायकांची नावं घेताना म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण इथपर्यंत आत्या मान डोलावत होत्या. पाचवी चंदाई आली आणि वाघ्यानं म्हटलं, 'बागवानीण'. आत्यांनी तिथंच अडवलं, 'अरे, तेलीण ती!' वाघ्या हसला, भंडाऱ्याचं बोट आत्यांच्या कपाळाला लावून पुढं गायला लागला. वाद मात्र अजून घरात चालू आहे.

मुसलमान भाविक खंडोबाला मल्लूखान म्हणतात, अजमतखानही म्हणतात. जेजुरीत देवाच्या घोड्याची देखभाल परंपरेनं मुस्लिम घराण्याकडे, हेही ठाऊक आहे. त्यामुळे बागवानीण म्हणजे मुसलमानाची लेक, हे मला तरी पटतं. (आत्यांना सांगू नका.)

तुमच्याकडच्या जागरणात चंदाई कोणाची? गाव किंवा तालुका सांगून लिहा. 'मल्लूखान' नाव येणारं पद कुणाच्या घरी म्हणतात का? दोन ओळी आठवत असतील तरी चालतील. रेकॉर्डिंग असेल तर फारच बरं, चंपाषष्ठीला आत्यांना ऐकवायचंय.