तान्ह्या पोळ्याच्या नंदीचा गेम बनवतोय, टच सेन्सर अन् एसडी कार्डसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी नंदी सजवून आणतात, तर यंदा समाजमंदिरात एक मोठा नंदी ठेवायचा, त्याला हात लावला की प्रोजेक्टरवर शंकरपटातला (बैलांच्या शर्यतीतला) बैल पळेल अन् घुंगरू वाजतील, असं ठरवलंय. रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर घेतला, गेम पायगेममधे (पायथनची गेम लायब्ररी) लिहिला, टचसाठी एमपीआर121 हा टच सेन्सर बोर्ड आहे म्हणजे 12 पॉइंट मिळतात, शिंगं, वशिंड, पाठ सगळीकडं तांब्याची पट्टी चिकटवली. आधी मोबाईलच्या चार्जरवर चालवत होतो तर स्क्रीनवर व्होल्टेज कमी असल्याचं विजेचं चिन्ह यायचं, 5 व्होल्ट 3 अँपिअरचा अडॅप्टर लावल्यावर ते गेलं.

घरी टेबलावर एकदम मस्त चाललं होतं हो. पण समाजमंदिरात वायरी 2 मीटर लांब केल्या तर कोणी हात न लावताच बैल पळतो, पाऊस असला की जास्तच. बोर्ड नंदीच्या पोटातच बसवून पट्टीपर्यंतची वायर आखूड ठेवू का, की नुसता थ्रेशोल्ड (किती बदल झाला की टच धरायचा ती मर्यादा) वाढवून भागेल? बोर्ड पोटात बसवला तर आयटूसीची (बोर्ड ते पाय जोडणारी) वायर लांब होईल, ती चालते का कोणाची?

दुसरं म्हणजे लाईन कधीबी जाते, 2 वेळा पायचं एसडी कार्ड करप्ट झालं. ओव्हरले (बदल कार्डावर न लिहिता मेमरीतच ठेवायची सोय) चालू करून कार्ड रीड-ओन्ली केलं तर पोट्ट्यांचे स्कोअर कुठं सेव्ह करायचे, वेगळा पेनड्राइव्ह लावून जमेल का? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा भाऊ, पोट्टे रोज येऊन विचारतात नंदी कधी पळणार म्हणून.